थंडीच्या तोंडावर रान झालेली गुलाबबाग: सुरुवात कुठून करायची?

वर्षानुवर्षं कुणाचा हात न लागलेली गुलाबबाग ताब्यात आली की पहिली खुमखुमी येते ती कात्री चालवायची. डोक्याच्या वर गेलेल्या फांद्या, एकमेकांत गुंतलेले काटे, बुडाशी गवत आणि पार शेंड्याला दोन-चार केविलवाणी फुलं. वाटतं, एका दिवसात सगळं भुईसपाट करावं आणि मोकळं व्हावं. शरद सरत आलेला असताना तरी हा मोह आवरा. या दिवसांत बागेत काम भरपूर असतं, पण त्यातलं बहुतेक जमिनीवरचं आणि झुडपाच्या पोटातलं. उंची कमी करणं सगळ्यात शेवटी येतं आणि काही ठिकाणी तर या ऋतूत येतच नाही.

तुमची थंडी कोणती?

गुलाबाच्या छाटणीबद्दल उलटसुलट सल्ले मिळतात. एक म्हणतो थंडीआधी छाटा, दुसरा म्हणतो थंडी ओसरल्यावर. दोघंही बरोबर असतात, फक्त दोघांची थंडी वेगळी असते.

छाटणी म्हणजे झाडाला फुटायचा इशारा. फांदीच्या शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या सुप्त अंकुरांना, दाबून ठेवतं. शेंडा कापला की ते जागे होतात आणि कोवळे लालसर कोंब बाहेर येतात. त्यानंतर पारा शून्याखाली गेला तर हे कोंब काळे पडतात, मर कधीकधी खाली फांदीतही उतरते आणि झाडाने साठवलेली ताकद वाया जाते. म्हणून जिथे रात्री पाणी गोठतं, तिथे आत्ता मोठी छाटणी करायची नाही. ती थंडी संपताना, फांद्यांवरचे डोळे फुगून लाल दिसू लागले की. आत्ता फक्त वाऱ्याने हेलकावे खाणारे उंच शेंडे एक तृतीयांशाने कमी करायचे. उंच झुडूप वादळी वाऱ्यात सतत हलत राहिलं तर बुंध्याभोवती पोकळी होते, तिथे पाणी साचतं, गोठतं आणि मुळं सैल होतात.

जिथे थंडी सौम्य असते, पाणी कधीच गोठत नाही, तिथे गुलाब पुरता झोपतच नाही. अशा हवेत पाऊस आणि उकाडा सरून रात्री गार होऊ लागल्या की छाटणीची खरी वेळ. छाटल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुलं येतात, तीही वर्षातली सगळ्यात मोठी आणि गडद रंगाची, कारण गारव्यात पाकळ्या सावकाश वाढतात.

आणि अधूनमधून एखाद-दुसरी रात्र गोठवणारी, अशी मधलीच हवा असेल तर? थांबा. उशिरा छाटल्याने फुलं उशिरा येतात, एवढंच नुकसान.

हात घालण्याआधी

हत्यारं थोडीच लागतात, पण धारदार हवीत. दोन पाती एकमेकींना घासून जाणारा सिकेटर (छाटणीची हातकात्री) घ्या. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारा घेऊ नका, त्याने ओली फांदी चेचते. अंगठ्याहून जाड फांद्यांसाठी लांब दांड्याची कात्री आणि बुडाच्या जुन्या खोडांसाठी लहान, अरुंद पात्याची करवत. रान झालेल्या गुलाबात करवतीशिवाय काम होत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. शिवाय स्पिरिट आणि फडकं. प्रत्येक झुडपानंतर पाती पुसायची म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला जात नाही.

हातमोजे कोपरापर्यंतचे, जाड चामड्याचे. डोळ्यांना चष्मा, कारण ताणलेली फांदी सुटली की सरळ तोंडावर येते. धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हेही बघून ठेवा. काट्याच्या जखमेतून स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी शरीरात शिरू शकते. जखम भरायच्या ऐवजी तिथे गाठ उठली आणि हातावर वर वर ओळीने आणखी गाठी येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा आणि गुलाबाचा काटा लागला होता हे आवर्जून सांगा.

दाट झाडोऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं, पक्ष्याचं घरटं किंवा बुडाशी एखादा प्राणी असू शकतो. आधी लांब काठीने फांद्या हलवून बघा.

ओळखपरेड

आता कात्री खिशात ठेवा आणि प्रत्येक झुडपाला एक चिठ्ठी बांधा. हे काम सगळ्यांना टाळावंसं वाटतं, पण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. मुख्य प्रश्न एकच: हा गुलाब हंगामात पुन्हा पुन्हा फुलणारा आहे, की वर्षातून एकदाच?

पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब नव्या फुटीवर फुलतात. हा गुण आजच्या बागेतल्या गुलाबांत आला तो मुख्यतः चिनी गुलाबांकडून. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते युरोपात पोचले, मग संकर होत गेले आणि १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रिड टी (लांब देठावर सहसा एकेक मोठं फूल देणारा प्रकार) मानला जातो. हायब्रिड टी आणि झुबक्याने फुलणारे फ्लोरिबंडा कडक छाटणी सोसतात ती यामुळेच. फांदी कितीही कापा, नवी फूट आली की कळी येणारच. एकदाच फुलणारे जुने झुडपी गुलाब आणि लांबच लांब सरपटणारे वेल मात्र मागच्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्यांना आत्ता कापलं तर पुढच्या बहराची सगळी फुलं कचऱ्यात गेली म्हणून समजा. त्यांची छाटणी बहर संपल्यावर लगेच करायची.

शरदाच्या शेवटी हा फरक दिसतो. शेंड्यांवर अजून कळ्या किंवा ताजी फुलं असतील तर गुलाब पुन्हा पुन्हा फुलणारा. एकही कळी नाही, नुसती लाल-केशरी फळं लटकताहेत, तर बहुधा एकदाच फुलणारा. बहुधा अशासाठी, की सुकलेली फुलं कुणी खुडली नाहीत तर पहिल्या जातीचे गुलाबही फळं धरून बसतात आणि फुलायचे थांबतात. शंका असेल तर त्या झुडपाची फक्त वाळलेली लाकडं काढा आणि वर्षभर त्याच्याकडे बघा. एका वर्षाने काही बिघडत नाही.

दुसरी ओळख बुडाशी करायची. बहुतेक विकतचे गुलाब डोळा भरून तयार केलेले असतात: खाली रानटी गुलाबाचा खुंट, वर हवी ती जात. माती हाताने बाजूला केली की बुंध्यावर जाड गाठ दिसते, तीच डोळा भरलेली जागा. गाठीच्या खालून किंवा मुळावरून आलेली फांदी खुंटाची. ती जोमदार असते, सरळसोट वाढते, पानं बारकी आणि फिकट असतात. सात पर्णिका (एका पानातली छोटी पानं) म्हणजे खुंट, पाच म्हणजे गुलाब, असा नियम सांगतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कितीतरी चांगल्या जातींना सात पर्णिका येतात. फांदी कुठून निघाली आहे हे माती उकरून बघणं, हाच खात्रीचा मार्ग.

खुंटाची फूट जमिनीलगत कापली तर तिथूनच दोन-चार नव्या येतात. माती उकरत ती मुळाला जिथे चिकटली आहे तिथपर्यंत जा आणि खाली ओढून तिथून उपटून काढा. जखम ओबडधोबड झाली तरी चालेल. त्या जागचे सुप्त डोळे फुटीबरोबर निघून येतात, म्हणून उपटणं कापण्यापेक्षा चांगलं.

दुर्लक्षित बागेत एक वाईट बातमी हमखास मिळते. एखादं झुडूप सगळंच्या सगळं खुंटाचं निघतं. वरची जात केव्हाच मेलेली असते आणि जे रान माजलं आहे ते खालच्या रानटी गुलाबाचं. त्याला छाटून, खत घालून मूळची फुलं परत येणार नाहीत. साधी फुलं आवडत असतील तर ठेवा, नाहीतर मुळासकट काढा. उलट, गाठ कुठेच सापडली नाही तर गुलाब स्वतःच्या मुळांवर वाढलेला असू शकतो. मग मातीतून येणारी प्रत्येक फूट त्याचीच, ती उपटू नका.

जमीन

गुलाबाच्या खाण्याच्या मुळ्या वरच्या थरात असतात, म्हणून बुंध्याजवळ कुदळ नको. आधी गवत विळ्याने कापून खाली काय आहे ते दिसू द्या, मग खुरपीने हळूहळू मोकळं करा. हरळी आणि लव्हाळा या दोघांशी गाठ असेल तर वरवर खुरपून उपयोग नाही. हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी मातीत राहिल्या की महिनाभरात पुन्हा तेच. दाताळ्याने माती सैल करून त्या वेचून काढाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण बागेतलं सगळ्यात फायद्याचं.

मग पानं. खाली पडलेली आणि फांद्यांवर काळे ठिपके घेऊन लोंबणारी, दोन्ही. काळ्या ठिपक्यांची बुरशी थंडीचे दिवस पडलेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या डागांत काढते, मग पावसाच्या किंवा पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पानांवर चढते. रुजण्यासाठी तिला पान कित्येक तास सलग ओलं लागतं. याचा अर्थ असा की झुडूप आतून मोकळं, हवा खेळती आणि पाणी बुडाशी असेल, तर निम्मी लढाई औषधाशिवाय होते. वेचलेली पानं घरच्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. तो ढीग सहसा बुरशी मरेल इतका तापत नाही.

पोटातली सफाई

आता कात्री काढा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मेलेलं, मग आजारी, मग एकमेकांवर घासणारं, मग बारीक आणि सगळ्यात शेवटी म्हातारं.

मेलेली फांदी करडी-तपकिरी आणि सुरकुतलेली दिसते. खात्री नसेल तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. शेंड्याकडून वाळत आलेली फांदी कापताना काप बघत चला. मधला गाभा तपकिरी असेल तर आणखी खाली कापा, पांढरा किंवा हिरवट पांढरा गाभा दिसेपर्यंत. तपकिरी गाभ्यावर थांबलात तर मर खाली सरकत राहते. अशी कापता कापता फांदी बुडाला येऊन टेकली तर तिची मुळात गरजच नव्हती असं समजा.

सालीवर जांभळट-तपकिरी, खोलगट चट्टे असतील तर तो भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढा. पांढरट खवले चिकटलेले दिसले तर ती खवले कीड. जिथे दाट आहे ती फांदीच काढा, बाकी ठिकाणी जुन्या दातघासणीने घासून काढली तरी पुरते. एखाद्या झुडपाच्या बुडाशी किंवा मुळावर खडबडीत, बुचासारखी गाठ वाढलेली असेल तर तो जिवाणूंमुळे होणारा गाठीचा रोग असू शकतो. त्याला औषध नाही. झुडूप मातीसकट काढा आणि हत्यार पुसल्याशिवाय दुसरीकडे वापरू नका.

दोन फांद्या घासत असतील तर त्यातली आतल्या बाजूला झुकलेली जाऊ द्या. जोमदार झुडपांत पेन्सिलीहून बारीक काड्याही काढा. त्यांवर चांगलं फूल येत नाही, रोग मात्र येतो.

राहिली म्हातारी खोडं: करडी, भेगाळलेली, टोकाला चिरगुटासारख्या काड्या धरणारी. इथे घाई नको. एका वर्षी त्यातली फक्त एक तृतीयांश करवतीने बुडापासून काढा. खुंटी ठेवू नका, ती कुजते. पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी उरलेली. दरम्यान बुडातून नवे, हिरवे, जाड कोंब येतात आणि त्यांच्यावर झुडूप नव्याने उभं राहतं. सगळी खोडं एकदम काढली तर तरुण झुडूप सोसेल. जुनी कलमं पुष्कळदा सोसत नाहीत, कारण फार जुन्या लाकडावरचे डोळे फुटतीलच असं नाही. झुडपाला तीनच जाड, गाठाळ खोडं असतील आणि नवा कोंब एकही नसेल, तर एकच काढा आणि वाट बघा.

कडक थंडीच्या ठिकाणी ही म्हातारी खोडं काढण्याचं कामही थंडी संपेपर्यंत पुढे ढकला. मेलेलं आणि रोगट तेवढं आत्ता काढा.

उंची आणि काप

हा भाग सौम्य थंडीवाल्यांसाठी आत्ता, बाकीच्यांसाठी थंडीनंतर. सफाई झाल्यावर चार ते सहा चांगल्या फांद्या उरतात. हायब्रिड टी असेल तर त्या निम्म्यावर आणा, फ्लोरिबंडा असेल तर एक तृतीयांश कमी करा. कमकुवत फांदी जास्त छाटा, जोमदार कमी. ऐकायला उलटं वाटतं, पण कमी डोळे उरले की उरलेल्यांना जास्त अन्न मिळतं आणि फूट जाड येते.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, डोळ्याच्या उलट बाजूला किंचित उतरता. नवी फांदी डोळ्याच्या दिशेनेच वाढते, म्हणून बाहेरचा डोळा निवडला की झुडपाचं पोट मोकळं राहतं. जुन्या फांदीवर डोळा दिसतच नसेल तर अंदाजे कापा. फूट आल्यावर तिच्या वरचं लाकूड पुन्हा कापता येतं.

या कोनाची आणि मिलिमीटरची धास्ती घेऊ नका. इंग्लंडमध्ये रॉयल नॅशनल रोझ सोसायटीच्या सेंट ऑल्बन्सच्या बागेत कुंपण कापायच्या यंत्राने गुलाब सरसकट छाटून बघितले होते आणि ते नीट निवडून छाटलेल्यांच्या तोडीस तोड फुलले. माझ्या मते डोळा निवडण्यापेक्षा मेलेलं लाकूड काढण्यावर वेळ घालवणं कधीही चांगलं.

वेली गुलाबांची गोष्ट वेगळी. पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या वेलाच्या लांब मुख्य फांद्या कापू नका, आडव्या वाकवून बांधा. उभ्या फांदीत शेंडा सगळं दाबून ठेवतो आणि फुलं फक्त टोकाला येतात. आडवी झाली की तिच्या अंगावरचा जवळपास प्रत्येक डोळा फुटतो. बाजूच्या आखूड फांद्या तेवढ्या दोन-तीन डोळ्यांवर छाटा. बांधायला मऊ सुतळी घ्या, तार नको. जुनं लाकूड वाकत नसेल तर जोर लावू नका, मोडेल. वाकवायची ती याच वर्षीची फांदी.

जखमा, खत, पाणी

बारीक कापांना काही लावायची गरज नाही. अंगठ्याहून जाड कापांवर, विशेषतः हवा दमट असेल तर, बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, मग एकत्र ढवळायचं. चुना पाण्यात तापतो आणि उडतो, तेव्हा चष्मा-हातमोजे घालूनच हे करा. मिश्रणात लोखंडी खिळा क्षणभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा.

छाटणीआधी मुळं उघडी करून उन्हात तापवायची जुनी पद्धत काहीजण सुचवतात. जोमदार तरुण झाडाचं तिने फारसं बिघडत नसेल, पण आधीच खंगलेल्या झुडपाच्या खाण्याच्या मुळ्या तोडण्यात मला अर्थ दिसत नाही.

सौम्य हवेत छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक मोठ्या झुडपाला चार-पाच किलो पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आळ्यात पसरून वरच्या मातीत मिसळा, बुंध्याला चिकटू न देता. रासायनिक खत द्यायचंच असेल तर नवी पानं उलगडल्यावर. पानं नसताना झाडाला ते फारसं वापरता येत नाही. पाणीही सुरुवातीला बेताचंच, माती दोन बोटं खोल कोरडी लागली की, सकाळी, बुडाशी. मग कोरड्या पानांचं किंवा गवताचं आच्छादन. अर्थात, वेचून काढलेल्या गुलाबाच्या पानांचं नव्हे.

कडक थंडीत यातलं खत पूर्ण वगळा. नत्र तर पहिल्या हिमाच्या सहा-आठ आठवडे आधीच बंद झालेलं बरं. फुलं खुडणंही थांबवा. फळं धरू दिली की झाड वाढ आवरतं घेतं. जमीन वरवर गोठू लागली की बुंध्यावर २५ ते ३० सेंटिमीटर उंच मातीचा किंवा कंपोस्टचा ढीग करा, डोळा भरलेली गाठ त्यात झाकली जाईल असा. ही माती बाहेरून आणा. झुडपाभोवतीची उकरून लावली तर मुळं उघडी पडतात. वसंतात ढीग हलक्या हाताने उतरवा.

कापलेल्या फांद्या फेकण्याआधी

जुन्या बागेत नाव कुणालाच माहीत नसलेली, पण सुगंधाने वेड लावणारी एखादी जात असते. तिच्या कापलेल्या फांद्यांतून याच वर्षीच्या, निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडा. २० ते २५ सेंटिमीटर लांबी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. सगळी पानं काढा आणि निचऱ्याच्या मातीत दोन तृतीयांश गाडा. उलट्या लागू नयेत म्हणून वरचा काप तिरका आणि खालचा सरळ ठेवायची सवय लावा. सावलीची जागा, ओलावा कायम, पण चिखल नको. काही महिन्यांनी पानं दिसली तरी उपटून मुळं बघू नका. पानं काडीतल्या साठ्यावरही येतात. पुढच्या शरदापर्यंत जागेवर राहू द्या. सगळ्या जगत नाहीत, म्हणून हव्या त्याच्या तिप्पट लावा.

छाटलेल्या झुडपांपैकी एखादं दोन महिन्यांत फुटलंच नाही आणि बुडाशी खरवडूनही हिरवं दिसलं नाही, तर ते गेलं. कडक थंडीत हा निर्णय वसंत सरेपर्यंत घेऊ नका. त्या जागी लगेच नवा गुलाब लावायचा मोह होतो. ज्या मातीत वर्षानुवर्षं गुलाब होता तिथे नवं रोप बहुतेक वेळा खुरटतं. एकतर जागा बदला, नाहीतर अर्धा मीटर लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेऊन त्यातली सगळी माती बाहेर काढा, आणि गुलाब कधीच नव्हता अशा वाफ्यातली माती कंपोस्ट मिसळून तिथे भरा. काढलेली माती वाया जात नाही, भाजीला किंवा दुसऱ्या फुलझाडांना ती चालते.